कुत्र्याचा सत्कार आणि मलकापूरचा वारा

कुत्रा घेऊन कोल्हापूरला जायचा विचार असेल तर माझा पहिला सल्ला: जाऊ नका. दुसरा सल्ला: गेलातच तर कुणाला सांगून जाऊ नका. मी दोन्ही केलं, म्हणून आज हे लिहीत बसलोय.

कुत्र्याचं नाव खर्डा. एवढासा होता तेव्हा आईच्या ताटातला हिरव्या मिरचीचा खर्डा त्यानं चाटूनपुसून खाल्ला, केकाटत घराला फेऱ्या मारल्या आणि परत येऊन तेच ताट चाटलं. तेव्हापासून नाव पडलं. मुरगूडच्या स्टँडजवळ आईचा वडापावचा गाडा आहे. कॉलेजात दोन वर्षं घालवून मला जी विद्या आली नाही ती खर्ड्याला या गाड्यावर आली. गिऱ्हाइकानं नोट पुढं केली की तो ती दाताच्या टोकानं धरतो, ओली होऊ देत नाही, आणि आईच्या गल्ल्याच्या डब्यात नेऊन टाकतो. बदल्यात एक बिस्कीट. शिकवलं कुणी नाही. एकदा वाऱ्यानं उडालेली नोट आईनं बिस्कीट देऊन त्याच्या तोंडातून सोडवली, तेवढ्यावर त्यानं धंदा ओळखला. एका गिऱ्हाइकानं याचा व्हिडिओ टाकला आणि तो तालुकाभर फिरला.

फिरत फिरत तो मलकापूरला वंदनाताईकडं पोचला. खर्डा मुळात तिचाच. मी मागं एकदा आंबा घाट बघायला निघालो होतो, मलकापूरच्या पुढं चहाला थांबलो, तर एक बाई बुट्टीत रक्ताळलेलं कुत्रं घेऊन रत्नागिरी रोड ओलांडताना दिसली. तिच्या मागनं गेलो. घाट राहिला तो राहिलाच. माझं हे असंच होतं. वंदनाताईचं मलकापुरात ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि गावाबाहेर एका बंद पडलेल्या पोल्ट्रीत ती गाड्यांनी उडवलेली कुत्री सांभाळते. त्या दिवशी येताना माझ्या जर्किनमध्ये एक पिल्लू होतं. तोच हा.

तिचा फोन आला. "जय भीम. काय कराल्यास? रिकामाच असशील."

रिकामाच होतो.

"खर्ड्याचा व्हिडिओ बगितला. त्येला घिऊन कोल्हापूरला जा की. गळ्यात डबा आडकव आणि फिरव. माझ्या तोंडाकडं बघून कोण रुपाया देत न्हाय. त्येच्या तोंडाकडं बघून देतील."

(ताई 'मी जातो, मी करतो' असंच बोलते, आमच्याकडच्या बऱ्याच बायका तसंच बोलतात. पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.)

गरज काय होती ते सांगतो, कारण पुढच्या सगळ्या तमाशात ती गरज फक्त तिला आणि मला लक्षात होती. पोल्ट्रीच्या शेडला लांबीच्या दोन्ही बाजूंना भिंत नसते, जाळी असते, कोंबड्यांना हवा लागावी म्हणून. कोंबड्यांचं ठीक आहे. थंडीत घाटाकडून जो वारा येतो तो या जाळीतून आरपार जातो. गेल्या थंडीत तिच्याकडची पिल्लं एकेक करून गारठून गेली. यंदा काळी नावाची एक कुत्री, मागचा पाय निकामी झालेली, शेडमध्येच व्यायली होती. "कडाक्याची थंडी पडायच्या आत मागच्या बाजूला पत्रं लागाय पायजेत," ताई म्हणाली. "न्हायतर ह्यांचं बी तसंच हुतंय."

एवढंच होतं. पत्रे.

मग मी चूक केली. शिवाजी पेठेतल्या माझ्या मामेभावाला, दिग्याला, फोन केला. दिग्या एका तालमीचा कार्यकर्ता आहे. तालमीचं नाव सांगत नाही, मला पुन्हा त्या पेठेत जायचंय. सगळं ऐकून तो म्हणाला, "तू फकस्त कुत्रं घिऊन ये भावा. बाकीचं आमच्यावर सोड."

कोल्हापुरात हे वाक्य ऐकलं की शहाण्या माणसानं फोन बंद करून ठेवावा.

मुरगूड ते शिवाजी पेठ

गाडीवर कुत्रा न्यायचा असेल तर भाजीवाल्याकडून प्लॅस्टिकचं क्रेट मागून घ्या. तळाला पोतं, वर जुनी गोधडी, आणि क्रेट कॅरियरला जुन्या ट्यूबच्या रबरानं आवळून टाका. खर्च शून्य. ऑनलाइन ज्या खास बॅगा मिळतात त्यांची किंमत हजारांत आहे. कुत्रा त्यात बसत नाही, मालकाची हौस तेवढी बसते.

बिद्रीमार्गे निघालो. उसाचा सीझन चालू, त्यामुळं रस्त्यावर एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरवर अशा आवाजात गाणी की मागून तुम्ही हॉर्न वाजवा नाहीतर जीव द्या, ड्रायव्हरला कळत नाही. ओव्हरटेक करताना वरून ऊस डोक्यात पडतो. खर्ड्यानं एक कांडकं हवेतच पकडलं आणि कोल्हापूरपर्यंत चघळलं. सगळ्या प्रवासात त्याला फुकट आणि बिनशर्त मिळालेलं तेवढंच.

वाटेत गुऱ्हाळाचा वास आला. मला थांबायचं नव्हतं. गाडी आपोआप वळली. काहिलीत रस उकळत होता, वर सोनेरी फेस, आणि धूर असा की डोळे पुसत पुसत गूळ खायचा. मालक क्रेटकडं बघून म्हणाला, "कुत्रं कुठं घिऊन चाललायसा पावणं?"

"देणगी गोळा करायला."

"कुत्र्यासाठी?"

"कुत्र्यांसाठी. गोळा हाच करतो."

"आन् तुमी काय करतासा?"

मी गूळ खाल्ला. खर्ड्याचा डबा पुढं केला तर त्यानं डब्यात गरम गुळाचा खडा टाकला. मी पाकीट काढलं तर खवळला. "पैसं कशाला काढतासा? खावा की!" देणगी दिली नाही आणि गुळाचे पैसेही घेतले नाहीत. कोल्हापूर जिल्ह्याचा सगळा स्वभाव मला तिथंच, त्या धुरात, कळायला हवा होता. मी काकवीची बाटली घेतली आणि निघालो. (बाटली आईसाठी होती. कळंब्यापर्यंत अर्धी झाली.)

शिवाजी पेठेत शिरलो आणि चौकात ब्रेक मारला.

आमच्याकडं फ्लेक्सला डिजिटल म्हणतात. चौकात दुमजली घर झाकेल एवढं डिजिटल. मधोमध खर्डा. डोक्यावर कॉम्प्युटरनं चढवलेला फेटा, डोळ्यांवर गॉगल. खाली लिहिलेलं, 'मुक्या जिवांचा वाली, श्वानरत्न खर्डा यांचे पेठेत सहर्ष स्वागत'. त्याच्या शेजारी आबांचा फोटो, खर्ड्याच्या दुप्पट. आबा म्हणजे तालमीचे अध्यक्ष, मिशा अशा की फोटोतसुद्धा अंगावर येतात. आणि चारी बाजूंनी शुभेच्छुक, सगळे पांढऱ्या कपड्यात, सगळे मोबाईल कानाला लावून, जणू एकमेकांशीच बोलतायत. वंदनाताईचं नाव शोधलं. कोपऱ्यात छापखान्याचा मोबाईल नंबर होता. तिचं नाव नव्हतं. शेडचं नव्हतं. पत्र्यांचं तर विचारूच नका.

दिग्या उड्या मारतच आला. "कसा झालाय?"

"ताईचं नाव कुठाय?"

"बसलं न्हाय रं. जागा कुठं हाय?"

"खर्ड्याला बसवलंस हे उपकारच झाले म्हणायचे."

"अशी चार लावल्यात पेठंत," तो म्हणाला. टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला होता. "सगळी आबांनी केली. नाद न्हाय करायचा!"

चार डिजिटलांच्या पैशात किती पत्रे आले असते हे मी मनात मांडायला लागलो आणि सोडून दिलं. खर्डा क्रेटमधून उतरला, स्वतःच्या फोटोकडं ढुंकून न बघता खांबाजवळ गेला आणि पाय वर केला. नेमका आबांच्या खाली.

देणगीचा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. कधी गेला नसाल तर जा, ही एक गोष्ट मी मनापासून सांगतो. म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, धार तुमच्या डोळ्यांदेखत ग्लासात, फेसासकट, अजून कोमट. पेला रिकामा करून ओठावरचा फेस पुसायचा. मी दोन प्यालो आणि आपण कशासाठी आलोय ते विसरलो. दिग्यानं आठवण केली. तीही ओरडून, कारण कोल्हापुरात शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीसुद्धा पलीकडच्या गल्लीतल्यासारखं बोलतात. "चला मंडळी! मुक्या जनावराला मदत करा! नोट द्या, कुत्रं सोता डब्यात टाकतंय!"

गर्दी जमली. आणि पहिल्या फटक्यालाच खोळंबा. नोटच कुणाकडं नाही. "स्कॅनर हाय का?" डब्यावर ताईच्या खात्याचा स्कॅनर मी चिकटवला होता. एकानं मोबाईल धरला, टुंग झालं, पैसे गेले. खर्डा त्याच्यासमोर बसून वाट बघतोय. नोट येत नाही. माणूस निघाला. खर्ड्यानं त्याची पँट धरली. त्याच्या हिशोबानं हा माणूस वडापाव खाऊन फुकट चालला होता.

लोक हसून बेजार. "सोड की भावा, दिल्यात पैसं!" खर्डा सोडेना. शेवटी त्या बिचाऱ्याला पुन्हा दहाची नोट उसनी घेऊन द्यावी लागली. ते बघून पुढं कुणी स्कॅनरला मोबाईल लावला नाही. दिवसातली तेवढीच मला पटलेली वसुली.

नंतर नोटावाले आले, आणि ते स्कॅनरवाल्यांहून बेकार. एक जण, गळ्यात बोटाएवढी चेन, त्यानं पाचशेची नोट हवेत नाचवली. मित्राला म्हणाला, "काढ व्हिडिओ." खर्ड्यानं नोट घेतली, डब्यात टाकली. टाळ्या. व्हिडिओ संपला. आणि ह्या दानशूरानं डब्यात हात घातला.

"ओ, काय करालाय?" मी म्हणालो.

"पाचशेची हाय ती. व्हिडिओला चांगली दिसती म्हणून दिलती." त्यानं ती काढून खिशात घातली आणि वीस रुपये टाकले. ते टाकताना मात्र व्हिडिओ नव्हता.

असे तीन-चार भेटले. बाकीचे सगळे त्या गुऱ्हाळवाल्याच्या जातकुळीचे, देणार पण पैसा नाही. "जनावराला पैसं काय करायचं? खायला घाला की त्येला!" दूधवाल्यानं पितळी भरून दूध पाजलं. मिसळवाल्यानं पाव. मटणाच्या दुकानात तर कसायानं त्याला आत नेऊन बसवलं. एका घरातून पांढरा रस्सा आला, थंड करून, वाटीत, वर तूप. मी नको नको म्हणतोय. "पावणा हाय त्यो, उपाशी लावून द्यायचा व्हय?" दुपारपर्यंत डबा हलका आणि कुत्रा जड. खर्डा रस्त्यात आडवा पडला आणि नोट नाकावर ठेवली तरी तोंड उघडेना. कोल्हापूरला कुत्रा न्यायचाच असेल तर दहीभात आणि मिठासाखरेचं पाणी बरोबर ठेवा. पाहुणचारानं मरायची पाळी येते.

तरी दिग्याच्या घशाला मानलं पाहिजे. त्यानं एकेकाला नावानं हाक मारून, आईबापाचा उद्धार करून, डबा बऱ्यापैकी भरवला. नोटा वरपर्यंत आल्या तेव्हा मला खरंच वाटलं, पत्रे झाले. डबा दिग्यानं सांभाळायला घेतला. मी दिला.

दुपारी तालमीत सत्कार. वंदनाताई मलकापूरहून एस्टीनं आली होती. गळ्यात मापाची टेप तशीच, दुकानातून थेट उठून आल्यासारखी. शेडच्या मागच्या बाजूचं माप तिनं मला तोंडपाठ म्हणून दाखवलं, जणू कुणी परीक्षाच घेणार होतं. "एवढं झालं की बास," म्हणाली.

हलगी सुरू झाली. स्टेजवर खर्ड्याला खरा फेटा बांधायला माणूस बोलावला होता. कान फेट्यात बसेनात. एक आत घातला की दुसरा बाहेर. शाल झाली, नारळ झाला, मग दुसरी शाल, तिसरी, कारण प्रत्येक शुभेच्छुकाला स्वतःच्या हातानं घालायची होती आणि फोटो वेगळा हवा होता. आणि मग कुणीतरी अकलेच्या कांद्यानं लड लावली. फटाक्यांचा पहिला आवाज झाला आणि खर्डा फेट्यासकट स्टेजवरून उडाला. मी शोधतोय, दिग्या शोधतोय, आबा माइकवरून म्हणतायत, "सत्कारमूर्तींनी स्टेजवर यावे." सत्कारमूर्ती सगळ्यात मागच्या ओळीत, वंदनाताईच्या खुर्चीखाली, तिच्या पायांत डोकं खुपसून थरथरत होते. तिनं वाकून त्याचा फेटा सोडला, गुंडाळला आणि पिशवीत टाकला. तेवढ्यात खर्ड्यानं सकाळचा सगळा पाहुणचार एका शालीवर ओकून टाकला. मला बरं वाटलं.

मग पत्रे जाहीर झाले. "आमच्याकडनं दहा पत्रं!" एक जण माइकवर. दुसरा लगेच उठला, "आमच्याकडनं पंधरा!" पहिला परत उठला. ईर्षा. माइकवर एवढे पत्रे पडले की शेडच काय, अख्खं मलकापूर झाकलं असतं. ताईला शेवटी वर बोलावलं. निवेदक तिच्या कानाशी वाकला आणि माइक चालूच असल्यामुळं सगळ्यांना ऐकू आलं, "आपलं नाव काय?" तिला एक नारळ मिळाला.

आणि जेवण. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी. खोटं कशाला बोलू, आयुष्यात असं मटण खाल्लं नव्हतं. ताईही पोटभर जेवली. हात धुऊन ती दिग्याला म्हणाली, "दे बाळा डबा. साडेतीनची एस्टी गाठतो."

दिग्यानं डबा दिला. ताईनं झाकण काढलं. आत चिल्लर, आणि गुळाचा एक खडा.

"नोटा?"

दिग्यानं तिच्याकडं असं बघितलं, जणू प्रश्नच कळला नाही. "ताई, जेवलासा न्हवं?"

"जेवलो की."

"मग? बोकड कापल्यालं. पावणं येणार, त्यास्नी तसंच लावून द्यायचं व्हय?"

मी चपापून पानाकडं बघितलं. म्हणजे काळीच्या पिल्लांचे पत्रे आम्ही भाकरीबरोबर खाल्ले होते. आणि मी दोनदा वाढून घेतलं होतं. दिग्याला शिव्या घालाव्यात तर त्याच्या डोळ्यांत पाप नाही. चोरानं नेले असते तर भांडता आलं असतं. ह्यानं आमच्याच पाहुणचाराला घातले होते आणि वर विचारत होता, पांढरा कसा झालता?

"आन् त्ये माइकवरचं पत्रं?" ताईनं विचारलं.

"त्ये बोलायचं आसतंय ताई. बोललं म्हंजे लगी आणून टाकायचं आसतंय व्हय?"

ताई म्हणाली, "पानातली हाडं सगळी पिशवीत भर. आन् चौकातलं डिजिटल काढून दे. पत्रं न्हाय तर न्हाय, त्येच बांधतो शेडला."

आबा दात कोरत होते. काडी थांबली. "माझं डिजिटल? कुत्र्याच्या शेडला? माझ्या थोबाडावर कुत्री मुतायची व्हय?"

खांबाची हकिगत मी सांगितली नाही.

"आतनं न्हाय आबा," ताई म्हणाली. "भाईरनं लावतो. माझी शेड रत्नागिरी रोडला हाय. गणपतीपुळ्याला जाणारी सगळी दुनिया तिथनंच जाती."

"रोडला लागून?"

"गाडीतनं थेट दिसतंय."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. असं पटकन मन बदलताना मी कुणाला बघितलं नाही. "मग एक कशाला? चारी बी घ्या की. दिग्या, टेम्पो सांग!"

ताईनं माझ्याकडं बघून डोळा मारला. आम्हाला वाटलं, जिंकलो.

मलकापूर

तिसऱ्या दिवशी टेम्पो पुढं, मी आणि खर्डा मागं. केर्लीपर्यंत रस्ता बरा. पुढं रुंदीकरणाचं काम, धूळ अशी की तोंडाला रुमाल बांधूनही दातांत खडी कचकचते. दुचाकीवाल्यांनी गॉगल घ्या, खर्ड्यासारखा फोटोतला नको. बांबवड्यात चहा आणि भजी झकास. तिथं मी एका बैलबाजारात शिरलो आणि बाहेर आलो तेव्हा टेम्पो पुढं निघून गेला होता. बैल घ्यायचा नव्हता. बघत बसलो.

पोचलो तेव्हा दिग्या आणि त्याचे तीन साथीदार शेडवर चढले होते. शेड लांबट, तोंड रस्त्याकडं, पाठ पश्चिमेला मोकळ्या रानाकडं आणि घाटाकडं. भर दुपार, ऊन पडलेलं, तरी पाठीमागून असा वारा येत होता की जाळी वाजत होती. काळी एका कोपऱ्यात पोत्यावर, पिल्लं तिच्या पोटाखाली एकावर एक रचलेली. एक पिल्लू ढिगातून घसरलं की कुईकुई करत परत आत शिरायचं. खर्डा जाळीपाशी गेला, सगळ्यांचा वास घेतला आणि मागं येऊन माझ्या पायाशी बसला.

पोरं समोरच्या बाजूला दोऱ्या बांधत होती.

"दादा, मागं बांधा," ताई खालून ओरडली. "वारा मागनं येतोय."

"मागं कोण बगणार ताई?"

"बगायचं काय हाय? थंडी आडवायची हाय."

"आबांनी म्होरं सांगितलंय," दिग्या म्हणाला. "तुमीच म्हणालासा न्हवं, रोडवरनं थेट दिसतंय?"

म्हणाली होतीच ती. टेप हातात तशीच लोंबत राहिली.

"निदान दोन म्होरं, दोन मागं," मी म्हणालो.

"कुणाचं मागं लावायचं?" दिग्यानं विचारलं, आणि वर चढलेले तिघं एकदम बोलायला लागले, कारण त्या चारही डिजिटलांवर कोपऱ्यात त्यांचेही चेहरे होते. कुणालाच रानाकडं तोंड करून राहायचं नव्हतं. शेवटी चारही समोर लागली, एकावर एक सरकवून, सगळ्यांचे चेहरे दिसतील अशी. सगळ्यांचे, म्हणजे खर्ड्याचा सोडून. तो आबांच्या दुसऱ्या फोटोखाली गेला.

व्हिडिओ कॉल लागला. आबा म्हणाले, "माझं नाक दुमडलंय बग. सरळ करा." नाक सरळ झालं. मग आबा ताईशी बोलले. रविवारी कोकणात लग्नाला जाताना ते स्वतः थांबून बघणार होते. तोवर कुणी हात लावायचा नाही. येताना पत्रे घेऊनच येतो म्हणाले.

टेम्पो गेला आणि मग कळलं काय झालंय ते. आधी वारा मागून यायचा आणि समोरून निघून जायचा. आता मागून यायचा, डिजिटलांना थटायचा आणि आतच घुमायचा. शेडमध्ये धूळ आणि केस गोल गोल फिरायला लागले. काळीनं कान पाडले. मी रस्त्यावर जाऊन बघितलं. आतल्या वाऱ्यानं डिजिटल फुगलं होतं आणि आबांचे गाल असे टम्म झाले होते की जाणाऱ्या एका गाडीतली माणसं खिडकीतून हात दाखवून हसत होती. दिसत होतं मात्र थेट.

"काढ की हे, मी मागं बांधतो," मी म्हणालो. "आणतील का आबा पत्रे?"

"न्हाय आणत."

"मग?"

ताई फुगलेल्या प्लॅस्टिककडं बघत राहिली. "आणि आणलं तर? रविवारी येऊन बगितलं आन् फोटो जागेवर न्हाय, तर हातातलं पत्रं बी माघारी न्हेईल त्यो माणूस. तू सांग, मी काय करू?"

मी माझ्या गाडीवरचं क्रेट सोडलं. ताईनं त्यात सत्काराच्या शाली अंथरल्या, फेटा वळून कडेनं ठेवला, काळीला उचलून आत निजवलं आणि पिल्लं तिच्या पोटाशी लावली. मागच्या बाजूला दोन पोती टांगली. पोती वाऱ्यानं आडवी उडत होती. रविवारला अजून चार रात्री होत्या.

येताना खर्डा पेट्रोलच्या टाकीवर बसून आला.

घर

आता नेहमीप्रमाणं सांगायचं झालं तर खर्च: पेट्रोल पाचशेच्या आत, चहा-भजी-दूध शंभर-दीडशे, जेवणाचं तुम्हाला माहीतच आहे कुणी भरलं. बघण्यासारखं: दूध कट्टा, गुऱ्हाळ, बैल. न बघण्यासारखं: मी लिहिलेलं बाकी सगळं.

खर्ड्यात एक बदल झालाय. गाड्यावर गिऱ्हाइकानं स्कॅन करायला मोबाईल वर केला की तो छाती काढून, मान तिरकी करून बसतो आणि फोटो काढून होईपर्यंत हलत नाही. नोट समोर धरली तरी बघत नाही. "कुत्रं बिघडवून आणलास," आई म्हणाली. "कोल्हापूरला न्हेलास, पुढारी करून आणलास."

पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घरी वडे तळता तळता तिनं विचारलं, "झालं का त्या बाईचं काम?"

मी वडे खात सगळं सांगितलं. डिजिटल, बोकड, आबांचं नाक, रविवार. आई कढईत झारा फिरवत ऐकत होती. हसली नाही.

"माप किती हाय मागच्या बाजूचं?"

ताईनं म्हणून दाखवलेलं माप माझ्याही डोक्यात बसलं होतं. मी सांगितलं.

आईनं झारा ठेवला. "तुझ्या बाबांच्या ट्रकवरची ताडपत्री मागं परड्यात पडलीय. ट्रक इकला तवापास्नं. त्येच्यावर कोंबड्या बसत्यात. हुतंय की त्यात." तिनं हात पुसले आणि माझ्याकडं बघितलं. "आधी मला इच्यारलं आसतंस तर तीन दिस आन् एक बोकड वाचला आसता."

मी वडा खाली ठेवला. त्या ताडपत्रीवर मी लहानपणी झोपलोय. रोज सकाळी दात घासताना मी तिच्याकडं तोंड करून उभा असतो.

"आबांनी ती काढायला लावली तर?" मी विचारलं.

"कशापायी? म्होरचा त्येचा फोटो हाय तिथंच राहतोय. मागं कोण बगतंय?" आई उठली आणि परड्यात जाऊन ताडपत्रीवरच्या कोंबड्या हाकलायला लागली. "धर त्या टोकाला. एस्टीच्या टपावर टाक आन् आजच्या आज न्हे. एका कोपऱ्याला उंदरानं भोक पाडलंय, तेवढं तिला शिवून घ्यायला सांग. बाकी चांगली हाय. कुणाचं थोबाड न्हाय तिच्यावर."